कॉलेजचं गाव आणि रात्रीचा रस्ता

शनिवारची रात्र, दीड वाजलाय. वरच्या मजल्यावर चार मुलं परीक्षा संपल्याचा आनंद साजरा करताहेत. स्पीकर थेट फरशीवर ठेवलाय. त्यामुळे वर गाणं ऐकू येतंय आणि खालच्या घरात फक्त ठोके उतरताहेत: धप्, धप्, धप्. खाली राहणाऱ्या बाई नर्स आहेत, त्यांची सकाळी सहाची ड्युटी आहे. त्यांनी उशी कानावर घेऊन पाहिली, काठीने छत ठोकून पाहिलं, आणि शेवटी पोलिसांना फोन लावला. पोलीस आले, आवाज बंद झाला. त्या रात्रीनंतर जिन्यात गाठ पडली तरी दोन्हीकडची माणसं खाली मान घालून जाऊ लागली.

तीन आठवड्यांनी त्याच चौघांपैकी एकजण रात्री उशिरा घरी येत होता. दोन अनोळखी माणसं गल्लीच्या तोंडापासून त्याच्या मागे लागली होती. जिन्यापाशी किल्ली चाचपडताना त्याला खालच्या घरात दिवा दिसला. दार ठोठवायला त्याने हात उचललाही होता. पण या बाईंना आपण कोणत्या तोंडाने हाक मारायची, असं वाटून त्याने तो मागे घेतला. मोबाईल गेला, पैसे गेले. सुदैवाने जिवाला काही झालं नाही.

मी तेव्हा समोरच्या घरात भाड्याने राहणारी विद्यार्थिनी होते. दुसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "हाक मारली असती तर मी दार उघडलं नसतं का गं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आज मी तशाच एका लहान कॉलेजच्या शहरात घर करून राहते. दाराच्या दोन्ही बाजू पाहून झाल्यात, आणि तरी ते वाक्य मनातून जात नाही.

विद्यार्थ्यांची सुरक्षितता म्हटली की बोलणं बहुतेक कॅमेरे, कुंपण, गेटवरचा वॉचमन आणि रात्रीच्या वेळा यांच्यावर जातं. गाव आणि कॉलेज यांचं पटतं की नाही, हा वेगळा विषय मानला जातो, आणि तो नगरपालिकेच्या बैठकीत निघतो. माझ्या मते हे दोन्ही एकच आहेत. विद्यार्थ्याला रात्री कोणाचं दार ठोठवता येतं, यावर त्याची सुरक्षितता ठरते. ते दार उघडं राहणार की बंद होणार, हे मात्र आधीच्या कित्येक महिन्यांत ठरून गेलेलं असतं.

हे भांडण आजकालचं नाही. इंग्रजीत याला 'टाउन अँड गाऊन' म्हणतात. मध्ययुगीन युरोपात विद्यार्थी पाद्र्यांसारखा लांब झगा घालत, म्हणून ते 'गाऊन', आणि बाकीचे 'टाउन'. झग्याला कायद्याने अर्थ होता. विद्यार्थी हा चर्चच्या छत्राखालचा माणूस, त्यामुळे त्याचा गुन्हा गावच्या न्यायाधीशापुढे चालत नसे. आता गावाच्या बाजूने विचार करा. तुमच्या दुकानात एका परक्या मुलाने मोडतोड केली, आणि तुम्ही फिर्याद घेऊन गेलात तर तुम्हाला सांगण्यात आलं की याला हात लावता येणार नाही. मुलाच्या बाजूनेही पाहा. बाराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्यात परमुलखातून आलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या देशातल्या भलत्याच माणसाच्या कर्जापोटी धरलं जाई. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने विद्यार्थ्यांना त्यातून सोडवलं आणि न्यायासाठी वेगळी वाट दिली. एकाच सवलतीने विद्यार्थ्याला आधार मिळाला आणि गावाला वाटलं की आपला हक्क काढून घेतला.

ऑक्सफर्डमध्ये 1209 साली गावातली एक स्त्री एका विद्यार्थ्याच्या हातून मारली गेली आणि तो पळून गेला. संतापलेल्या गावाने त्याच्यासोबत राहणाऱ्या मुलांना धरून फाशी दिली. म्हणजे ज्याने केलं तो सुटला आणि जे खोलीत सापडले ते गेले. शिक्षक आणि विद्यार्थी शहर सोडून निघाले. त्यांतले काही केंब्रिजला पोचले आणि तिथल्या विद्यापीठाची सुरुवात झाली. पुढे 1214 मध्ये पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवली, तेव्हा ऑक्सफर्डच्या घरमालकांना घातलेली एक अट अशी होती: विद्यार्थ्यांचं घरभाडं दहा वर्षं निम्मं घ्यायचं. एका खुनातून आणि फाशीतून निघालेल्या तडजोडीत घरभाडं कुठून आलं, असं वाटेल. पण आत खदखद भाड्याचीही असावी. खून ही ठिणगी ठरली.

त्याच शहरात 10 फेब्रुवारी 1355 रोजी एका खानावळीत दोन विद्यार्थ्यांनी वाईन चांगली नाही अशी तक्रार केली. शब्दाने शब्द वाढला आणि वाईन मालकाच्या अंगावर गेली. गावाने आपल्या चर्चची घंटा वाजवली, विद्यापीठाने आपल्या. ही मारामारी तीन दिवस चालली. परंपरेने 63 विद्यार्थी मेल्याचं सांगतात, गावकरी सुमारे 30. राजाने कौल विद्यापीठाच्या बाजूने दिला. शिक्षा अशी की दरवर्षी त्या दिवशी महापौर आणि 62 गावकरी चर्चमध्ये येऊन प्रत्येकी एक पेनी ठेवतील. ही खाली मान घालायची रीत 1825 पर्यंत चालली. त्या वर्षीच्या महापौरांनी नकार दिला म्हणून ती संपली. गावाने आणि विद्यापीठाने समारंभपूर्वक समेट केला तो थेट 1955 साली, दंगलीला सहाशे वर्षं झाली तेव्हा. एका बाजूला कायमचं नमवून मिळवलेली शांतता किती महाग पडते, ते इथे दिसतं. चारशे सत्तर वर्षं दरसाल जखमेवरची खपली काढायची, मग ती भरणार कशी?

मला त्या काळातली एक वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. 1231 मध्ये इंग्लंडच्या राजाने केंब्रिजसाठी असं ठरवून दिलं की विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं भाडं दोन शिक्षक आणि दोन गावकरी मिळून ठरवतील. चार माणसं, एक टेबल. आज आठशे वर्षांनी कॉलेजच्या शहरांत जे उपाय खरोखर चालतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच सापडतं.

आता आजची गुंतागुंत. लहान शहर आणि मोठं कॉलेज एकत्र आलं की काही गोष्टी आपोआप घडतात. त्यात कोणाची दुष्ट बुद्धी असावी लागत नाही.

पहिली गोष्ट काळाची. विद्यार्थी तीन-चार वर्षांसाठी येतो, शेजारी तीस वर्षांसाठी. विद्यार्थ्याने पहिल्यांदाच रात्री गोंधळ घातलेला असतो, शेजाऱ्याने तो दहाव्या तुकडीचा ऐकलेला असतो. त्यामुळे शेजाऱ्याचा राग एकदम दहा वर्षांचा बाहेर पडतो आणि मुलाला कळतच नाही की एवढं काय झालं. उलट बाजूने, गावाने मागच्या वर्षी शिकवलेलं सगळं या वर्षी निघून गेलेलं असतं. कचरा कोणत्या दिवशी काढायचा, गल्लीत गाडी कुठे लावायची नाही, नदीचा कोणता काठ निसरडा आहे, हे सगळं दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. आणि सांगणारा माणूस एक दिवस कंटाळतो.

दुसरी घरांची. एका कुटुंबाला भाड्याने देण्यापेक्षा तेच घर पाच विद्यार्थ्यांना खोलीच्या हिशेबाने दिलं तर मालकाला जास्त मिळतं. हळूहळू गल्लीतली कुटुंबं दूर जातात, लहान मुलांची शाळा ओस पडते, उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खी गल्ली अंधारात असते. ब्रिटनमधले भूगोलाचे अभ्यासक डॅरेन स्मिथ यांनी या शतकाच्या सुरुवातीला या बदलाला 'स्टुडंटिफिकेशन' असं नाव दिलं. मराठीत वस्तीचं विद्यार्थीकरण म्हणू. याचा राग विद्यार्थ्यावर निघतो, फायदा मात्र घरमालकाच्या खिशात जातो आणि तो बहुधा त्या गल्लीत राहतही नसतो. हे लक्षात आलं तर शेजारी आणि विद्यार्थी एका बाजूला उभे राहू शकतात, कारण गळकं छत आणि उघड्या वायरी दोघांच्याही तक्रारीचा विषय आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगते. अमेरिकेत ना-नफा विद्यापीठांच्या शैक्षणिक इमारतींना बहुधा मालमत्ता कर नसतो, पण रस्ते, अग्निशमन दल, पोलीस हा खर्च शहराचा. काही विद्यापीठं स्वखुशीने शहराला रक्कम देतात, काही देत नाहीत. गावकऱ्याच्या मनात 'आमच्या पैशावर' हा सूर येतो तो इथून.

आणि चौथी हद्दीची. कॅम्पसच्या आत सुरक्षारक्षक, बाहेर शहराचे पोलीस. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये तर विद्यापीठाची स्वतःची कोठडी होती. रात्री दंगा करणारे, दारू पिऊन हुल्लड करणारे विद्यार्थी तिथे डांबले जात. ती 1914 पर्यंत वापरात होती आणि तिच्या भिंतींवरची मुलांची चित्रं आजही पाहायला मिळतात. आता असे वेगळे कायदे उरले नाहीत, पण 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य उरलंय. कॅम्पसच्या गेटपासून दोनशे पावलांवर काही झालं तर फोन कोणाला करायचा, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारून बघा. दहातली सात गप्प बसतील, असा माझा अनुभव आहे. म्हणून दोन्ही नंबर पहिल्याच दिवशी मोबाईलमध्ये घालून घ्यावेत, आणि शंका असेल तेव्हा देशाचा आपत्कालीन नंबर लावावा. हद्द कोणाची हे ठरवायचं काम फोन उचलणाऱ्याचं.

आता धोका नेमका तयार कसा होतो ते बघू. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1979 मध्ये एक साधी मांडणी केली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एकाच वेळी एका जागी याव्या लागतात: करू पाहणारा माणूस, सहज हाती लागेल असं सावज, आणि लक्ष ठेवणाऱ्या कोणाचा तरी अभाव. पहिली गोष्ट आपल्या हातात फारशी नाही. दुसरी थोडी आहे. तिसरी मात्र जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं.

लक्ष ठेवणारा म्हणजे गणवेशातला माणूसच असं नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार शटर ओढताना एकदा गल्लीत नजर टाकतो, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना झोप येत नाही म्हणून ते खिडकीत बसतात, रात्रपाळीहून परतणारी नर्स. या माणसांना तुम्ही ओळखीचे असाल तर तुमच्या मागून कोणी अनोळखी आलेलं त्यांना खटकतं. तुम्ही ओळखीचे नसाल तर त्यांच्या लेखी तुम्ही आणि तुमच्या मागचा माणूस दोघेही सारखेच परके. ओळख म्हणजे काय हो, येता-जाता मान हलवणं, नाव माहीत असणं, एखाद्या दिवशी जड पिशवी वर नेऊन देणं. तेवढ्यावर माणूस खिडकी उघडून "कोण आहे रे?" असं ओरडतो.

बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी 1968 मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की संकट पाहणारी माणसं जितकी जास्त, तितका प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणीतरी धावेल. विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या रस्त्यावर हे फार घडतं. शंभर जण आहेत, आणि कोणीच थांबत नाही. त्यामुळे मदत मागायची वेळ आली तर "कोणीतरी वाचवा" असं मोघम ओरडण्यापेक्षा एकाकडे बोट दाखवून सांगावं: "निळ्या शर्टवाले दादा, पोलिसांना फोन करा." नुसत्या या एका वाक्याने समोरचा माणूस गर्दीतून बाहेर येतो. हे आपल्या मुलांना घरी मोठ्याने म्हणायला लावावं, कारण भीतीच्या क्षणी न सरावलेलं वाक्य घशातच राहतं.

यापुढे लिहायचं ते थोडं जड आहे. आईवडील मुलीला निरोप देताना "बाहेर कोणावर विश्वास ठेवू नकोस" असं सांगतात. बाहेर म्हणजे गावात. एप्रिल 1986 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात, जीन क्लेरी या 19 वर्षांच्या मुलीवर तिच्याच खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून करण्यात आला. करणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आपोआप बंद होणारी दारं कोणीतरी ये-जा सोपी व्हावी म्हणून अडकण लावून उघडी ठेवली होती, त्या दारांतून तो आत आला. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि 1990 मध्ये तिथे कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला गेल्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात, आणि धोका समोर असेल तर विद्यार्थ्यांना वेळेवर सावध करावं लागतं.

या घटनेतून दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे दाराखाली घातलेली अडकण. ती कोणी वाईट हेतूने लावत नाही. मित्र येणार असतो, किल्ली खोलीत राहिलेली असते. पण कुलूप सगळ्यांचं असतं आणि अडकण एकाची, हे वसतिगृहातल्या प्रत्येकाने मनावर घ्यायला हवं. दुसरी म्हणजे धोका कुंपणाच्या पलीकडूनच येतो ही समजूत. लैंगिक अत्याचारांत करणारा बहुतेकदा ओळखीतला असतो: वर्गातला, पार्टीतला, मित्राचा मित्र. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी पहिल्या सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांना 'रेड झोन' असं नाव दिलंय, कारण नव्या मुलींना या काळात जास्त धोका असल्याचं त्यांना आढळलं. कारण समजण्यासारखं आहे. मुलगी नवी असते, घरापासून दूर असते, सगळ्यांशी मैत्री व्हावी असं वाटत असतं आणि नाही म्हणायला अजून कोणाचा आधार नसतो. इथे मला स्पष्ट लिहावंसं वाटतं की दोष तिचा नसतो, तिच्या कपड्यांचा नसतो, वेळेचा नसतो. एकत्र जाणाऱ्या मैत्रिणींनी एकत्र परतायचं, आणि कोणी जास्त प्यायली असेल किंवा गोंधळलेली दिसत असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, हे आधीच ठरवलेलं असावं.

जाता जाता त्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. त्या कायद्यानुसार मोजले जातात ते कॅम्पसमधले, त्याला लागून असलेल्या सार्वजनिक जागेतले आणि कॉलेजच्या ताब्यातल्या इमारतींतले गुन्हे. चार गल्ल्या पलीकडे खासगी भाड्याच्या खोलीत काही घडलं तर ते त्यात येत नाही. आणि विद्यार्थी राहतात तिथेच. शिवाय जिथे तक्रार घेणारी माणसं चांगली असतात तिथे तक्रारी वाढतात, म्हणून आकडाही वाढतो. शून्य लिहिलेलं कॉलेज पाहिलं की मला धीर येत नाही, उलट तिथे बोलायला जागा आहे का, असा प्रश्न पडतो. आकडा बघायचाच असेल तर शहर पोलिसांचाही शेजारी ठेवून बघावा.

आणि जीव जातात ते गुन्ह्यांनीच असं नाही. इंग्लंडमधलं डरहॅम हे लहानसं, जुनं विद्यापीठाचं शहर. वेअर नदी त्याला तिन्ही बाजूंनी वेढा घालते. 2013 ते 2015 या काळात, पंधरा महिन्यांच्या आत, रात्री बाहेर पडलेले तीन विद्यार्थी त्या नदीत बुडून गेले. त्यांच्यावर कोणी हल्ला केला नव्हता. अंधार, निसरडा काठ, थंड पाणी आणि पोटात दारू. त्यानंतर स्थानिक प्रशासन, विद्यापीठ, पोलीस आणि अग्निशमन दल एकत्र बसले आणि नदीकाठच्या वाटा, कठडे, दिवे यांची तपासणी झाली. ज्या शहरात पाणी आहे तिथे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ते बोट दाखवून सांगतात, इथे जाऊ नका. प्रश्न एवढाच की नव्या मुलांना ते विचारायला कोणी सांगितलेलं असतं का.

दारूचा विषय टाळून चालणार नाही. मित्र बेशुद्ध पडलाय, श्वास अडकत येतोय, ओठ निळसर दिसताहेत. खोलीतल्या तिघांना माहीत आहे की रुग्णवाहिका बोलवायला हवी. पण बोलावली तर कॉलेजला कळेल, घरी कळेल, कारवाई होईल. मग "झोपू दे, सकाळी बरा होईल" असं ठरतं. अशा किती सकाळी उजाडल्या आणि तो मुलगा उठला नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 2002 मध्ये नियम केला की मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. पुढच्या काळात मदतीचे फोन वाढले, पण पिण्याचं प्रमाण तसंच राहिलं. म्हणजे सवलतीमुळे मुलं जास्त प्यायली नाहीत, फक्त फोन करायला घाबरली नाहीत. तुमच्या कॉलेजात असा नियम आहे का, ते विचारा. नसला तरी फोन कराच. शिक्षा भोगून माणूस पुढे जातो. आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मित्राला पाठीवर झोपवू नका, कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही.

खोली घेतानाचं मी जरा तपशिलात सांगते, कारण माझी स्वतःची पहिली खोली आठवली की आजही अंगावर काटा येतो. तिसरा मजला, लाकडी जिना, तोही एकच. खिडकीला गज ठोकून बसवलेले, आतून उघडणारे नाहीत. एका प्लगमध्ये एक्स्टेंशन बोर्ड, त्यात दुसरा बोर्ड, त्यावर हीटर. जिन्याखाली आधीच्या भाडेकरूंच्या गाद्या रचलेल्या. आग लागली असती तर ती जिन्यातूनच वर आली असती, आणि आम्ही पाच जणी गजांच्या आत उभ्या राहिलो असतो. भाडं कमी होतं म्हणून आम्ही खूश होतो. डिपॉझिट देण्याआधी दहा मिनिटं काढा. दिवे मालवून बघा की अंधारात दार सापडतं का. दुसरी वाट कोणती ते विचारा. धुराचा अलार्म असेल तर बटण दाबून वाजतो का पाहा, नसेल तर बसवायला लावा. कुलूप नवं मागा, कारण आधीच्या किती तुकड्यांकडे त्या किल्लीच्या प्रती आहेत हे मालकालाही माहीत नसतं. आणि सुट्टीला घरी जाताना लॅपटॉप खिडकीजवळ ठेवू नका. चोराला कॉलेजचं वेळापत्रक कोणीही न सांगता पाठ असतं, अख्खी गल्ली कोणत्या आठवड्यात रिकामी होते ते तो जाणतो. अशा वेळी वर्तमानपत्र दारात पडून राहिलेलं उचलणारा, दिवा लावणारा शेजारी लागतो. तो ऐन सुट्टीच्या दिवशी सापडत नाही.

गावं कधीकधी नियम करून प्रश्न मिटवू पाहतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बेल टेर या जेमतेम 700 वस्तीच्या गावाने ठरवलं की नातं नसलेल्या दोनपेक्षा जास्त माणसांनी एका घरात राहायचं नाही. जवळच्या विद्यापीठाचे सहा विद्यार्थी एकत्र राहत होते, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1974 मध्ये गावाच्या बाजूने निकाल लागला. गावाला शांतता हवी होती हे मला समजतं. पण अशा नियमाचा एक परिणाम सुरक्षिततेवर होतो तो फार कोणी बोलून दाखवत नाही: मुलं राहायची थांबत नाहीत, लपून राहू लागतात. करारावर दोघांची नावं, खोलीत पाचजण. मग छत गळलं तरी तक्रार नाही, चोरी झाली तरी तक्रार नाही, कारण तक्रार केली की पाचजण राहतात हे उघड होणार. उलट टोकाचं उदाहरण टेक्ससमधल्या वॉलर काउंटीचं. तिथे प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठातल्या मुलांना मतदार म्हणून नोंदवायला अधिकारी अडवत होता, हे इथले रहिवासीच नाहीत म्हणून. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांचा हक्क कायम ठेवला. ज्याला गावात मत आहे, त्याच्या गल्लीतला बंद दिवा नगरसेवकाला दिसू लागतो.

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी तपासून घेण्यासारखी आहे. वेस्ली पर्किन्स आणि अ‍ॅलन बर्कोविट्झ यांनी 1986 मध्ये एका अमेरिकी कॉलेजात पाहिलं की पिण्याच्या बाबतीत आपले सोबती किती बेबंद आहेत, याचा मुलांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त होता. ज्यांनी लवकर झोपून अभ्यास केला ती मुलं दिसत नाहीत, जी ओरडत गेली ती दिसतात. शेजाऱ्याचंही तेच होतं. चाळीस शांत खोल्यांचा आवाज येत नाही, एका खोलीचा येतो, आणि मग "ही पोरं" असं बहुवचन तयार होतं. मुलंही तसंच करतात. एका माणसाने दारातून हाकललं की "हे गाव" वाईट.

माझ्या घराच्या वरचा मजला दरवर्षी नव्या मुलींना भाड्याने जातो. त्या सामान लावत असतानाच मी वर जाते. माझं नाव सांगते, नंबर एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवते, आणि सांगते की रात्री अकरानंतर मला ठोके ऐकू येतात, तेव्हा स्पीकर टेबलावर ठेवा. पार्टी असेल तर दोन दिवस आधी सांगा, मी बहिणीकडे झोपायला जाईन. सुरुवातीला त्या बिचकतात. त्यांना वाटतं म्हातारी नजर ठेवायला आली. काही वर्षी ओळख तेवढ्यावरच थांबते.

मागच्या हिवाळ्यात पहाटे तीनला बेल वाजली. दारात वरची सर्वांत लाजरी मुलगी, अनवाणी, हातात तो भिंतीवरून उपटलेला कागद. घाईत तिला नंबर लावायचं सुचलंच नव्हतं. "काकू, ती श्वास घेत नाहीये नीट." मी गाडीची किल्ली उचलली आणि तिला म्हटलं, चपला घाल आधी, आणि माझ्याबरोबर चल.